अनुभवी डेव्हलपरची टंचाई आपणच तयार केली आहे

पुण्यात बाणेर, खराडी किंवा हिंजवडीत दीडशे-दोनशे माणसांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तक्रार एकच असते: फ्रेशर हवे तेवढे मिळतात, पण आठ-दहा वर्षं खरोखर कोड लिहिलेला माणूस मिळत नाही. तक्रार खरी आहे. तिची जी कारणं सांगितली जातात ती मात्र मला पटत नाहीत. माणसंच नाहीत, चांगली होती ती अमेरिकेला गेली, उरलेली पैशामागे धावतात, असं म्हटलं जातं. माणसं आहेत. त्यांच्यापर्यंत जायच्या वाटेवर या उद्योगाने स्वतःच्या हाताने दगड टाकून ठेवले आहेत.

एका जागेचा हिशेब मांडू. समजा बॅकएंडसाठी, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या पडद्यामागच्या कोडसाठी, एक सीनिअर डेव्हलपर हवा आहे. जागेची मंजुरी आणि जाहिरात यात २ आठवडे जातात. रेझ्युमे गोळा करून चाळायला ३, मुलाखतींच्या फेऱ्यांना ३, पगाराची बोलणी आणि ऑफर लेटरला १. हे झाले ९ आठवडे. त्यापुढे निवडलेल्या माणसाचा ९० दिवसांचा नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर जुन्या नोकरीत थांबायची मुदत), म्हणजे जवळपास १३ आठवडे. एकूण २२. तो आल्यावर कोडबेस (कंपनीचा आधीचा सगळा कोड) आणि धंदा समजून घेऊन स्वतःच्या बळावर काम करू लागायला आणखी आठ-दहा आठवडे धरा. जानेवारीच्या सुरुवातीला मंजूर झालेली जागा जूनमध्ये भरते आणि तिचा खरा उपयोग गणपतीच्या सुमारास सुरू होतो.

यात माणसांचे तासही मोजा. चाळीस रेझ्युमेंतून पंधराजणांशी अर्धा-अर्धा तास फोनवर बोलणं, आठजणांची दीड तासाची तांत्रिक मुलाखत (घेणारे दोघं), शेवटच्या तिघांची दोन तासांची फेरी (पुन्हा दोघं). साडेसात, चोवीस आणि बारा मिळून ४३.५ तास. हे तास जातात कुणाचे? जागा रिकामी असल्यामुळे आधीच दुप्पट ओझं वाहणाऱ्या त्याच दोन-तीन सीनिअर लोकांचे. आणि मग ८५व्या दिवशी मेसेज येतो की घरगुती अडचणीमुळे जॉइन होता येत नाही. तोवर दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार कुठेतरी रुजू झालेला असतो. बावीस आठवड्यांचा हिशेब पुन्हा शून्यावरून सुरू होतो.

या सगळ्यातला सर्वांत मोठा आकडा ९० दिवसांचा आहे, आणि तो कायद्यातून आलेला नाही. राजीनामा दिलेल्या माणसाने तीन महिने थांबलंच पाहिजे असं कुठलाही कायदा सांगत नाही. ती नियुक्तीपत्रातली अट असते. पूर्वी एक-दोन महिन्यांची नोटीस सर्रास चालायची. मोठ्या सेवा कंपन्यांनी (क्लायंटसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या) ती तीन महिन्यांवर नेली आणि बाकीच्यांनी विचार न करता तोच मसुदा उचलला. कुणालाही जबरदस्तीने कामावर बसवून ठेवण्याचा आदेश न्यायालय देत नाही, फार तर ठरलेली भरपाई वसूल होऊ शकते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यावर घातलेली बंदी मुळातच रद्दबातल ठरते. मग माणूस का थांबतो? रिलीव्हिंग लेटरसाठी, म्हणजे जुन्या कंपनीने रीतसर मोकळं केल्याच्या पत्रासाठी. पुढची कंपनी पार्श्वभूमी तपासणीत ते पत्र मागते, आणि पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा खातेक्रमांक) आल्यापासून आधीच्या नोकरीत रुजू झाल्याची आणि ती सोडल्याची तारीखही लपत नाही. म्हणजे उमेदवाराला ९० दिवस अडकवून ठेवण्याचं हत्यार प्रत्येक कंपनी दुसऱ्या कंपनीच्या हातात स्वतःच देते.

त्या ९० दिवसांत प्रत्यक्ष काय होतं ते पाहा. पहिले दोन आठवडे केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाची माहिती दुसऱ्याला देणं) चालते. तिसऱ्या आठवड्यापासून नवं काम दिलं जात नाही, कारण तो जाणारच आहे. महत्त्वाच्या मीटिंगमधून त्याचं नाव गळतं. उरलेले अकरा आठवडे माणूस डोक्याने बाहेर आणि शरीराने आत असतो. याच काळात नौकरी डॉट कॉमवर त्याच्या प्रोफाइलमध्ये शेवटच्या दिवसाची तारीख झळकते. रिक्रूटर नोटीस पिरियडची चाळणी लावून शोधतात, त्यामुळे पेपर टाकण्याआधी, म्हणजे राजीनामा देण्याआधी, महिनाभर जो फोन वाजत नव्हता तो आता दिवसातून दहा वेळा वाजतो. दुसरी ऑफर येते, मग तिसरी. साठाव्या दिवशी जुनी कंपनी जागी होऊन थांबण्यासाठी पगार वाढवून काउंटर ऑफर देते. ज्याची सही केलेली ऑफर हातात आहे त्याने बाकीच्यांना नाही म्हणावं ही अपेक्षा योग्यच आहे. पण २०२२ च्या उत्तरार्धात कंपन्यांनी दिलेली ऑफर लेटर्स मागे घेतल्याचं या पिढीने पाहिलं आहे. तीन महिने एका कागदाच्या भरवशावर काढायचे असतील तर माणूस दुसरा कागद जवळ ठेवणारच. त्याला बेइमान म्हणून प्रश्न सुटत नाही.

बायआउट, म्हणजे पैसे भरून नोटीसमधून लवकर सुटणं, हा उपाय सुचवला जातो, त्यातही खाचखळगे आहेत. नोटीसचे पैसे मूळ पगारावर कापायचे की एकूण पगारावर, हे प्रत्येक नियुक्तीपत्रात वेगळं असतं. बऱ्याच ठिकाणी ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असे शब्द असतात, म्हणजे पैसे भरायची तयारी असूनही मॅनेजर नाही म्हणू शकतो. शिवाय नव्या कंपनीने भरून दिलेली रक्कम उमेदवाराच्या पगारात धरली जाते आणि तिच्यावर कर लागतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला दोन लाखांच्या बायआउटपैकी उपकर धरून ३१.२ टक्के कापून १ लाख ३७ हजार ६०० रुपये मिळतात. ऑफर देताना हे कुणी सांगत नाही. पहिल्या पगाराच्या स्लिपवर ते दिसतं, आणि नव्या कंपनीवरचा पहिला अविश्वास तिथे सुरू होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या कंपनीला दुसऱ्याच्या ९० दिवसांचा जाच होतो, तिने आधी स्वतःच्या नियुक्तीपत्रात ३० दिवस लिहावेत. ‘मग आमची माणसं पटकन जातील’ ही भीती प्रत्येकजण बोलून दाखवतो. पण नव्वद दिवसांच्या अटीने जाणारा माणूस थांबत नाही, तो फक्त उशिरा जातो आणि जाईपर्यंत टीमचं वातावरण खाली आणतो. ‘क्लायंटचं काम अडेल’ हा मुद्दा जास्त वजनाचा आहे. त्याचं उत्तर असं की एका माणसाच्या जाण्याने काम अडत असेल, तर ती अडचण त्याने राजीनामा देण्याच्या खूप आधीपासून होती. तो उद्या आजारी पडला असता तरी काम अडलंच असतं. चांगल्या हँडओव्हरला काय लागतं? प्रोडक्शनमध्ये (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिममध्ये) वारंवार येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय लिहिलेली वही, कुठल्या सर्व्हरचा आणि कुठल्या खात्याचा अ‍ॅक्सेस कुणाकडे आहे त्याची यादी, अर्धवट कामांची नोंद, आणि मागे राहणाऱ्याने एक पूर्ण आठवडा ऑन-कॉल (बिघाड झाला की धावून जायची पाळी) सांभाळायचा, जाणाऱ्याने फक्त शेजारी बसायचं. हे सगळं तीन आठवड्यांत होतं. फ्रेशरला महिनोन्‌महिने प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीला तो खर्च वाचवायचा असेल तर माफक रकमेचा बाँड आहेच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याचा बाँड वैध ठरवला आहे. पण बारा वर्षांचा अनुभव घेऊन आलेल्या माणसाला कंपनीने असं काय शिकवलं आहे की त्याला तीन महिने धरून ठेवावं?

आता माणसांकडे वळू. पुण्यात टीआरडीडीसी हे टाटांचं सॉफ्टवेअर संशोधन केंद्र १९८१ मध्ये सुरू झालं, सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था १९८८ मध्ये, पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी १९९० मध्ये. चार दशकं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या शहरात वीस-वीस वर्षांचे डेव्हलपर पैशाला पासरी असायला हवेत. ते गेले कुठे? याचं उत्तर सेवा कंपन्यांच्या बिलिंगमध्ये आहे. क्लायंटबरोबरच्या दरपत्रकात अनुभवाच्या वर्षांचे टप्पे असतात: तीनपर्यंत एक दर, पाचच्या पुढे दुसरा, आठच्या पुढे तिसरा. त्यानंतर कोड लिहिणाऱ्याचा दर फारसा वाढत नाही, पगार मात्र दर एप्रिलला वाढतो. म्हणून दहाव्या वर्षाच्या आसपास त्याला टीम लीड करतात, मग मॅनेजर. ज्याचं डिबगिंग (कोडमधल्या चुका शोधणं) पाहून शिकावं असा माणूस एक्सेलमध्ये कुणाची किती टक्के बिलिंग हे भरत बसतो. चार वर्षांनी तो प्रॉडक्ट कंपनीत (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या) मुलाखतीला जातो तेव्हा हात सुटलेला असतो, आणि घेणारे म्हणतात, ‘बघा, पंधरा वर्षं अनुभव, पण साधं लिहिता येत नाही.’ लिहिण्याचं काम त्याच्याकडून आपल्याच पद्धतीने काढून घेतलं, हे कुणी म्हणत नाही. मॅनेजर न होताही पगार आणि मान वाढत जाईल अशी तांत्रिक शिडी कागदावर पुष्कळ ठिकाणी आहे. ती खरी आहे की नाही हे तपासायला एकच प्रश्न पुरतो: तुमच्याकडे अठरा वर्षं अनुभवाचा, रोज कोड लिहिणारा आणि डिलिव्हरी मॅनेजरइतका पगार घेणारा एक तरी माणूस आहे का?

वर्षं मोजायची सवय याच दरपत्रकातून सगळीकडे पसरली. जाहिरातीत ‘जावा ८ वर्षं, काफ्का ४ वर्षं, कुबरनेटिस ५ वर्षं’ असं लिहिलं जातं आणि रेझ्युमे चाळणारं सॉफ्टवेअर तेच आकडे शोधतं. २०२० मध्ये फास्टएपीआय या फ्रेमवर्कचा निर्माता सेबास्तियन रामिरेझ याने एक जाहिरात सगळ्यांपुढे आणली होती. तिच्यात फास्टएपीआयचा चार वर्षांचा अनुभव मागितला होता, आणि ती त्याने स्वतः तयार करूनच जेमतेम दीड वर्ष झालं होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. त्यात नोकरीतल्या अनुभवाची वर्षं आणि पुढच्या कामाचा दर्जा यांचा संबंध फक्त ०.१८ निघाला (पूर्ण जुळलं तर १), तर प्रत्यक्ष कामाचा नमुना देऊन घेतलेल्या चाचणीचा ०.५४. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे हिशेब दुरुस्त केले तेव्हा जवळपास सगळेच आकडे खाली आले. आखीव प्रश्नांची मुलाखत ०.४२ वर सगळ्यांच्या पुढे राहिली आणि वर्षं तळाशीच राहिली.

मग अनुभव ओळखायचा कसा? बायनरी ट्री उलटं करायला सांगून तो कळत नाही. तशी कोडी कॉलेजातून नुकताच आलेला आणि सहा महिने लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवर घासलेला मुलगा चाळीस वर्षांच्या माणसापेक्षा चांगली सोडवतो. अनुभव म्हणजे काय काय बिघडतं याची आठवण. म्हणून बिघडणारा कोडच समोर ठेवावा.

उदाहरण म्हणून तीनशे ओळींचा एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा कोडमधला बदल, घ्या. पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेकडून) कॉलबॅक, म्हणजे पैसे मिळाल्याचा निरोप, येतो. कोड ऑर्डर वाचतो, स्टेटस ‘पेड’ नसेल तर ‘पेड’ करतो, ग्राहकाच्या वॉलेटमध्ये रक्कम जमा करतो, एसएमएस पाठवतो आणि ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले हे सगळे बदल एकत्र पक्के करणारा व्यवहार) बंद करतो. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, आहेत. उमेदवाराला सांगायचं: ही रिक्वेस्ट तुमच्याकडे रिव्ह्यूला आली आहे, तासाभरात वाचा आणि बोला.

बारा वर्षं रेझ्युमेवर असलेला एकजण व्हेरिएबलची नावं आणि कॉमेंटच्या ओळी यांवर बोलत राहतो. सहाच वर्षं झालेला दुसरा दहाव्या मिनिटाला विचारतो, ‘हा कॉलबॅक दोनदा आला तर?’ तो येतोच. वेळेत उत्तर मिळालं नाही की गेटवे पुन्हा पाठवतो. दोन्ही विनंत्या एकाच क्षणी ‘पेंडिंग’ हे स्टेटस वाचतात, दोन्ही पुढे जातात, आणि ग्राहकाच्या वॉलेटमध्ये दोनदा पैसे पडतात. त्यावर तो उपायही सांगतो: व्यवहार क्रमांकावर युनिक बंधन घाला (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदवला जाणार नाही असं), किंवा ‘पेंडिंग असेल तरच बदल’ अशी अट अपडेटमध्येच टाकून किती ओळी बदलल्या ते तपासा. पुढे त्याला एसएमएस खटकतो. तो ट्रान्झॅक्शनच्या आत आहे. एसएमएस देणारी कंपनी एखाद्या दिवशी तीस सेकंद घेऊ लागली, तर तेवढा वेळ डेटाबेसचं कनेक्शन अडकतं, वीस कनेक्शनचा पूल (सामायिक साठा) मिनिटाभरात संपतो, आणि पेमेंटशी संबंध नसलेली पानंही उघडेनाशी होतात. रक्कम फ्लोटमध्ये (पैसे नेमके न साठवणाऱ्या दशांश संख्येत) ठेवली आहे हे त्याने सांगितलं नाही तरी चालेल, सांगितलं तर उत्तम.

दुसरा प्रश्न तोंडी: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पाच कोटी ओळींचं टेबल आहे, दिवसभर त्यात लिहिलं जातं, आणि एक इंडेक्स (शोध पटकन व्हावा म्हणून केलेली सूची) हवा आहे. साधा इंडेक्स बनवायला घेतला तर तो पूर्ण होईपर्यंत टेबलवरचं लिखाण थांबतं. कॉन्करंटली, म्हणजे चालू कामाबरोबरच, लावला तर थांबत नाही, पण तो ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालत नाही, म्हणून मायग्रेशनच्या (डेटाबेसच्या रचनेत बदल करण्याच्या) साधनाला तसं वेगळं सांगावं लागतं. आणि मध्येच फसला तर अवैध इंडेक्स मागे राहतो, तो हाताने काढावा लागतो. ज्याने हे एकदा रात्री अकरा वाजता भोगलं आहे त्याच्या बोलण्यातून ते लगेच कळतं.

ही चाचणी सगळ्यांना एकच द्यावी. गुणांचा तक्ता आधी तयार हवा, आणि मुलाखत घेणाऱ्या दोघांनी आपसात बोलण्याआधी आपापले गुण लिहून टाकावेत, नाहीतर जो वरिष्ठ असतो त्याचंच मत दोघांचं होतं. घरी करायची असाइनमेंट द्यायचीच असेल तर दोन तासांपेक्षा मोठी नको. शनिवार-रविवार खाणारी असाइनमेंट मिळाली की सर्वांत आधी गळतो तो हातात चांगली नोकरी आणि घरात शाळकरी मूल असलेला माणूस, आणि हवा असतो तोच. एआयला विचारून उत्तरं देण्याची आणि दुसऱ्यालाच मुलाखतीला बसवण्याची भीती खरी आहे. पण समोरासमोर कोड वाचत असताना ‘हे असं का?’ हा प्रश्न तीन वेळा विचारला की उसनं उत्तर उघडं पडतं. शेवटची फेरी प्रत्यक्ष ऑफिसात घ्यावी, तेवढं पुरतं.

पगाराबद्दल थोडक्यात. सध्याचा सीटीसी (कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण पगारखर्च) विचारून त्यावर तीस टक्के वाढवून देण्याची रीत सोडून द्यावी. तिच्यामुळे एका ठिकाणी आठ वर्षं टिकून एखादी सिस्टिम आतून-बाहेरून ओळखणारा माणूस स्वस्त ठरतो आणि दीड-दीड वर्षाला उड्या मारणारा महाग. वर त्याच कंपन्या म्हणतात की माणसं टिकत नाहीत. जागेची किंमत जागेवरून ठरवावी आणि जाहिरातीतच लिहावी. त्यात हातात येणारं किती, व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला पगार) किती, ग्रॅच्युइटी आणि पीएफमधला कंपनीचा वाटा सीटीसीत धरला आहे का, हेही असावं.

सगळ्यात जास्त खटकतं ते दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांकडे होणारं दुर्लक्ष. वाकड, पिंपळे सौदागर, कोथरूड, कुठल्याही मोठ्या सोसायटीत सात-आठ वर्षं उत्तम काम करून मूल झाल्यावर थांबलेल्या इंजिनिअर स्त्रिया भेटतील. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, पण खर्च पूर्णपणे मालकावर टाकला, आणि त्यातून तरुण बायकांना घ्यायलाच टाळाटाळ करण्याची वृत्ती वाढली. पुढे चार वर्षांची गॅप दिसली की रेझ्युमे पहिल्याच चाळणीत पडतो. त्या चार वर्षांत काय बदललं? डिप्लॉय करायची (कोड सर्व्हरवर चढवायची) साधनं, क्लाउडच्या काही सेवा, एक-दोन फ्रेमवर्क. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा बदलली नाही, डेटाबेसचे लॉक बदलले नाहीत, क्लायंटच्या बोलण्यातून नेमकी गरज काढण्याची हातोटी बदलली नाही. सहा-आठ आठवडे पूर्ण पगारावर, एका सीनिअरच्या जोडीने खऱ्या कोडबेसमध्ये लहान दुरुस्त्या करू दिल्या तर माणूस कामाला लागतो. हीच जागा भरायला बावीस आठवडे थांबणारी कंपनी आठ आठवडे द्यायला का कचरते? आणि इथे नोटीस पिरियड शून्य आहे.

तीच गोष्ट कोल्हापूर, सांगली, नाशिकला परतलेल्यांची. २०२० मध्ये घरून काम करत ही माणसं गावी स्थिरावली, आईवडील जवळ आले, मुलांच्या शाळा लागल्या. त्यांना आठवड्याचे पाचही दिवस हिंजवडीत बोलावणं म्हणजे नोकरी नाकारण्याचं पत्र हातात देणं आहे. पुण्यातल्या पुण्यातही हडपसरला राहणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाला रोज हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातून जायला लावून ‘लोक येत नाहीत’ म्हणणं बरोबर नाही. महिन्यातून चार दिवस ठरवून सगळ्यांनी एकत्र बसावं, डिझाइनच्या चर्चा तेव्हा कराव्यात. उरलेल्या दिवसांचं काम बहुतेक एकट्याने डोकं लावून करायचंच असतं.

आणि पुढचा खड्डा आत्ताच खणला जातो आहे. २०२३-२४ मध्ये टीसीएसची कर्मचारीसंख्या १३ हजारांहून जास्त आणि इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी घटली. नव्या मुलांसाठी दारं अरुंद झाली. आता एआय कोड लिहितो, मग ज्युनिअर कशाला, असं उघड बोललं जातं. २०२४ मध्ये ज्याला घेतलं नाही तो २०३२ मध्ये आठ वर्षांचा अनुभवी होणार नाही. तेव्हा कॉलबॅक दोनदा आला तर काय, हे विचारणारा कुठून येईल? दोन सीनिअरमागे एक फ्रेशर हे प्रमाण लहान कंपनीलाही झेपतं. त्यासाठी प्रत्येक सीनिअरचे आठवड्याला चार-पाच तास जातात: रिव्ह्यू, शेजारी बसून डिबगिंग, एखादी चूक मुद्दाम करू देणं आणि नंतर ती उलगडून दाखवणं. हे तास प्रोजेक्टच्या अंदाजात पहिल्या दिवसापासून धरावे लागतात. धरले नाहीत तर ते त्या सीनिअरच्या शनिवारमधून जातात, आणि वर्षभरात तोही पेपर टाकतो.